साउथडेलची गोष्ट

गेल्या रविवारी कराडला फोन केला तेव्हा बाबांनी नेहमीच्या सगळ्या चौकश्या केल्या. जेवण झालं का, बर्फ किती पडलाय, जावईबापू काय म्हणतात... आणि मग एकदम म्हणाले, "तुझं ते साउथडेल चालू आहे का गं अजून?"

मी म्हटलं, "चालू आहे की. का हो?"

"काही नाही. काल इथे टीव्हीवर अमेरिकेतले ओसाड पडलेले मॉल दाखवत होते. म्हटलं विचारावं."

ऐंशी ओलांडलेला माणूस, आयुष्यभर कराडच्या पेठेत कापडाचं दुकान चालवलेला, आणि त्याला काळजी कुणाची तर मिनेसोटातल्या एका मॉलची! फोन ठेवल्यावर हसू आलं, आणि मग जरा वेळाने आलं नाही. तेव्हापासून साउथडेलबद्दल लिहायचं डोक्यात आहे. आत्याला आणि पुण्याच्या मंडळींना बाबांच्या मॉलच्या फेऱ्या ऐकून माहीत आहेतच, पण त्या मॉलची स्वतःची गोष्ट त्याहून मोठी आहे.

आधी बाबांचा भाग सांगते. २००६ च्या नोव्हेंबरात आई-बाबा पहिल्यांदा आमच्याकडे आले. त्याच वर्षी बाबांची अँजिओप्लास्टी झाली होती आणि डॉक्टरांनी रोज चार किलोमीटर चालायला सांगितलं होतं. आता इथे डिसेंबरात चालणार कुठे? बाहेर उणे वीस, नाकातलं पाणी गोठतं. एक दिवस बाबा हट्टाने बाहेर पडले आणि कोपऱ्यापर्यंत जाऊन परत आले ते दोन तास कुणाशी बोलले नाहीत. शेवटी ऑफिसातल्या एका मैत्रिणीने सांगितलं, अगं मॉलमध्ये सोड त्यांना. दुकानं उघडायच्या आधीच दारं उघडतात, सगळे म्हातारे-कोतारे तिथेच चालतात. तेव्हापासून रोज सकाळी ऑफिसला जाताना मी बाबांना साउथडेलच्या दारात सोडत असे. कानटोपी, आईने विणलेला स्वेटर, पायात नवे पांढरे बूट. आतमध्ये मजेत बावीस-तेवीस अंश.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी गाडीत बसल्या बसल्या बाबा म्हणाले, "हे ज्याने बांधलं तो दुकानदार नव्हता."

मला तेव्हा काहीच माहीत नव्हतं. पुढे वाचत गेले तसं कळलं की बाबांचं निम्मं बरोबर होतं. ज्याने पैसे घातले ते पक्के दुकानदार होते. ज्याने नकाशा काढला तो नव्हता.

साउथडेल मिनियापोलिसच्या दक्षिणेला, ईडायना नावाच्या उपनगरात आहे. ८ ऑक्टोबर १९५६ रोजी ते उघडलं. चारही बाजूंनी बंद, वर छप्पर, आत वर्षभर एकच हवामान असलेलं अमेरिकेतलं हे पहिलं उपनगरी शॉपिंग सेंटर. आज जगात जिथे जिथे मॉल आहे, मग तो मुलुंडचा असो, दुबईचा असो की शांघायचा, त्याचं घराणं शोधत गेलात तर इथे येऊन पोचता. २ कोटी डॉलर्स खर्च, ७२ दुकानं, ५२०० गाड्यांची पार्किंगची सोय. पहिल्याच दिवशी सुमारे ७५ हजार माणसं आली म्हणतात. आपल्याकडे पंढरपूरला एवढी माणसं हा काही मोठा आकडा नाही, पण मक्याच्या आणि बटाट्याच्या शेतांशेजारी दुकान बघायला एवढे लोक, हे तेव्हा अमेरिकेलाही नवीन होतं. 'लाइफ', 'टाइम' अशा मोठमोठ्या मासिकांनी त्यावर लिहिलं.

पैसे घातले डेटन कुटुंबाने. मिनियापोलिस शहरात निकोलेट रस्त्यावर त्यांचं १९०२ पासूनचं मोठं दुकान होतं, 'डेटन्स'. म्हणजे आपल्या लक्ष्मी रोडवर पिढीजात दुकान असावं तसं. १९५० च्या सुमारास ते तिसऱ्या पिढीतल्या पाच भावांच्या हातात आलं होतं. (पाच भाऊ आणि एक दुकान, आणि भांडण नाही! बाबांना हा भाग सगळ्यात अविश्वसनीय वाटला.) महायुद्ध संपलं, सैनिक परत आले, सरकारी हमीवर घरांना कर्ज मिळू लागलं आणि शहरातली माणसं भराभर उपनगरांत राहायला गेली. गिऱ्हाईक लांब गेलं. आता दुकानदाराने काय करायचं? गिऱ्हाईक येईल म्हणून वाट बघत गादीवर बसायचं, की उठून त्याच्या मागे जायचं? डेटन मागे गेले. १९५२ मध्ये त्यांनी साउथडेलची घोषणा केली.

त्यात मिनेसोटाची हवा. खरेदीला बाहेर पडावंसं वाटेल असे वर्षाचे दिवस मोजले तर ते भरले अवघे १२६, असा त्या वेळी हिशोब काढला होता. बाकीचे दिवस एक तर थंडी, नाही तर उकाडा, पाऊस, चिखल. म्हणून छप्पर. मॉलला छप्पर का, याचं मूळ उत्तर इतकं साधं आहे. इतर कुठल्याही गावात हे सुरू झालं असतं तर कदाचित उघडंच राहिलं असतं.

आणि नकाशा काढणारा? त्याचं नाव व्हिक्टर ग्रुएन. मूळचा व्हिक्टर ग्रुनबाउम, जन्म १९०३, व्हिएन्ना, ज्यू कुटुंब. दिवसा आर्किटेक्ट आणि रात्री राजकीय विडंबनाच्या कार्यक्रमांत काम करणारा हौशी नट. थोडक्यात, आपल्याकडे असता तर नाटकवाला म्हणूनच ओळखला गेला असता. १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळलं आणि हा माणूस जवळजवळ मोकळ्या हाताने न्यूयॉर्कला पोचला. विमानतळापर्यंत त्याला एका मित्राने नाझी गणवेश घालून पोचवलं, अशी गोष्ट सांगतात. ग्रुएन नाटकवाला, त्यामुळे त्यात तिखटमीठ किती कोण जाणे. न्यूयॉर्कला तो आधी फिफ्थ ॲव्हेन्यूवरच्या दुकानांचे दर्शनी भाग सजवायला लागला. रस्त्याने चाललेला माणूस काचेशी थबकला पाहिजे, आणि थबकला की त्याचं पाऊल आत वळलं पाहिजे, एवढंच काम. त्यात तो तरबेज झाला.

पण त्याच्या डोळ्यांसमोर व्हिएन्ना होतं. चौक, कारंजी, कॉफीहाउसं, एका पेपरवर चार तास बसणारी माणसं. अमेरिकेतल्या उपनगरांत त्याला काय दिसलं? रांगेने घरं, घरापुढे हिरवळ, दारात गाडी, आणि एकमेकांना भेटायला जागाच नाही. नवरा कामावर गेला की बायको घरात एकटी. हमरस्त्यांच्या कडेने पेट्रोलपंप, हॅमबर्गरची दुकानं, पाट्याच पाट्या. त्याला याचा मनापासून तिटकारा होता. त्याची कल्पना अशी होती की या सगळ्या पसाऱ्याला एक मधला चौक द्यायचा. दुकानं हे निमित्त. माणसं खरेदीला येतील आणि त्यानिमित्ताने भेटतील, बोलतील, बसतील.

आधी १९५४ मध्ये डेट्रॉइटजवळ त्याने 'नॉर्थलँड' बांधलं, ते उघड्यावरचं होतं. साउथडेलमध्ये मात्र त्याने सगळी इमारत आतून बाहेर उलटी केली. बाहेरच्या भिंती कोऱ्या, खिडक्या नाहीत, काचा नाहीत. सगळी दुकानं आत तोंड करून. दोन टोकांना दोन मोठी दुकानं, मधे दोन मजल्यांवर लहान दुकानांच्या ओळी, दोन मजले जोडायला सरकते जिने, आणि पार्किंगही दोन पातळ्यांवर, म्हणजे वरच्या मजल्याच्या दुकानदाराने 'माझ्याकडे कुणी येत नाही' अशी तक्रार करू नये. मालाचे ट्रक खालच्या बोगद्यातून. आणि या सगळ्याच्या पोटात 'गार्डन कोर्ट' नावाचा मोठा चौक. वरून उजेड येणारा, झाडं, कारंजं, तळ्यात मासे, दोन पुरुष उंचीहूनही मोठा पक्ष्यांचा पिंजरा आणि हॅरी बर्टोइया या शिल्पकाराची उंच सोनेरी धातूची झाडं. बाहेर हिमवादळ आणि आत अखंड वसंत ऋतू, अशी त्याची जाहिरात होती.

आपल्याला वाडे माहीत आहेत. बाहेरून भिंत, आत चौक, चौकात तुळस आणि सगळ्या खोल्यांची दारं चौकाकडे. बाबांना मी हे सगळं वाचून दाखवलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे वाडाच की." मग थोड्या वेळाने, "पण वाड्यात माणसं राहतात."

हे त्यांनी सहज म्हटलं असेल, पण मुद्दा नेमका होता. त्याच्याकडे येतेच.

त्याआधी त्या दोन मोठ्या दुकानांबद्दल. कारण बाबांचं डोकं सगळ्यात जास्त तिथेच अडकलं होतं. एका टोकाला डेटन्स, साहजिकच. दुसऱ्या टोकाला 'डोनाल्डसन्स'. हे डोनाल्डसन्स म्हणजे शहरात निकोलेट रस्त्यावर डेटनचे शेजारी आणि कट्टर प्रतिस्पर्धी! म्हणजे डेटननी जागा शोधली, आर्किटेक्ट आणला, धोका पत्करला, आणि आपल्याच मॉलमध्ये आपल्या प्रतिस्पर्ध्याला समोरासमोर बसवलं. तेव्हा अमेरिकेत हे फार धाडसाचं मानलं गेलं. इतिहास लिहिणारे यावर पानंच्या पानं खर्च करतात. बाबांना मात्र यात नवल काहीच वाटलं नाही.

"अगं, कापड गल्लीत एकच दुकान असेल तर तिथे कोण येईल?" ते म्हणाले. "बाईला चार दुकानं फिरून नाही म्हणायचं असतं. तिला नाही म्हणायला जागा दिली की पाचव्या दुकानात ती हो म्हणते. आपल्या शेजारी रावसाहेबांचं दुकान बंद होतं त्या दिवशी आपलीही भवानी उशिरा व्हायची."

(रावसाहेब हे नाव मी बदललंय. कराडच्या मंडळींनी ओळखलं असेलच, तरी गप्प बसावं.)

तर मॉलचं अर्थशास्त्र म्हणजे शेवटी हेच. दोन टोकांना दोन मोठी दुकानं ठेवायची. माणूस एकातून दुसऱ्याकडे जाणार, आणि जाताना मधल्या सत्तर छोट्या दुकानांवरून जाणार. पुढे या विद्येला ग्रुएनचंच नाव मिळालं. माणूस ठरवून एक वस्तू घ्यायला येतो आणि थोड्या वेळाने काय घ्यायला आलो हे विसरून नुसताच फिरत राहतो, त्या क्षणाला 'ग्रुएन ट्रान्सफर' म्हणतात. आपल्याकडे आई चतुर्थीला फुलं आणायला जायची आणि दोन तासांनी चाळणी, रिबिनी आणि शेजारच्या काकूंची सून कशी आहे एवढं सगळं घेऊन यायची, ते हेच. फरक एवढाच की पेठेतलं हे भटकणं कुणी नकाशावर आखलेलं नव्हतं.

नोव्हेंबर १९५६ मध्ये फ्रँक लॉइड राइट हे मोठं प्रस्थ साउथडेल बघायला आलं. वय ८९. आर्किटेक्चरमधला भीष्माचार्यच म्हणा. सगळं बघितलं आणि नापास करून टाकलं. गार्डन कोर्टात खेड्यातल्या रस्त्याचे सगळे दोष आहेत आणि गोडवा मात्र एकही नाही, शहराचा मध्य शहरातच राहू द्यायला हवा होता, अशा आशयाचं बोलून गेले. राइटना दुसऱ्या कुणाचं काम सहसा आवडत नसे, त्यामुळे तेव्हा कुणी फारसं मनावर घेतलं नसावं. पण दुसरं वाक्य पुढे खरं ठरलं.

आता बाबांच्या 'वाड्यात माणसं राहतात' या मुद्द्याकडे. ग्रुएनचा मूळ आराखडा नुसत्या मॉलचा नव्हताच. ४६३ एकरांचा होता तो! मधे मॉल आणि त्याच्या भोवती अपार्टमेंट, घरं, शाळा, दवाखाना, बाग, तळं. चालत जाता येईल असं अख्खं गाव. मॉल हा त्या गावाचा फक्त चौक. प्रत्यक्षात काय झालं? मॉल उभा राहताच आजूबाजूच्या जमिनीचे भाव चढले. भाव चढल्यावर बागा आणि शाळा कोण बांधतो? तुकडे पडले, विकले गेले. १९६५ मध्ये शेजारी हॉस्पिटल आलं खरं, बाकी ऑफिसं, बँका आणि रस्ते. मॉल उरला तो पार्किंगच्या डांबरी समुद्रात बेटासारखा. ज्या माणसाला गाड्यांचा तिटकारा होता त्याची सगळ्यात गाजलेली इमारत गाडीशिवाय गाठता येईना.

पुढची दोन कारणं वाचली तेव्हा मला कळलं की साउथडेलची पिल्लं इतकी भराभर का झाली. एक म्हणजे हायवे. १९५६ च्याच जून महिन्यात अमेरिकेत ४१ हजार मैलांच्या हमरस्त्यांचा कायदा झाला. दुसरं कारण फारच रुक्ष आहे, ते म्हणजे घसारा. हसू नका. दुकानदाराच्या मुलीला घसारा काय ते लहानपणीच कळतं, मार्चअखेरीला घरात दुसरा शब्दच नसायचा. इमारत चाळीस वर्षं टिकेल असं धरलं तर दरवर्षी तिच्या किमतीचा चाळिसावा हिस्सा खर्चात दाखवता यायचा. १९५४ मध्ये अमेरिकन काँग्रेसने नियम बदलला आणि सुरुवातीच्या वर्षांतच घसघशीत घसारा दाखवायला मुभा दिली. म्हणजे कागदावर तोटा, खिशात रोकड आणि कर नाही. आणि ही सवलत नवीन बांधकामाला जास्त, जुनं दुरुस्त करायला नाही. मग गावातल्या जुन्या दुकानाला कोण रंग देत बसेल? गावाबाहेर शेत घ्यायचं, मॉल बांधायचा, काही वर्षं घसारा खायचा, विकायचा, पुढचं शेत बघायचं. साउथडेलची आखणी या नियमाच्या आधीची, तेव्हा डेटनना हा दोष देता येत नाही. पण नंतर जे पीक आलं त्यातलं बरंचसं गिऱ्हाइकापेक्षा आयकरासाठी बांधलेलं होतं.

बाबांचं यावर मत विचारलं तर म्हणाले, "मग आपल्या वकीलसाहेबांनी मला हे कधी का नाही सांगितलं?" :)

मिनियापोलिस शहराने हार मानली नाही, हे मला आवडतं. १९६२ पासून तिथे इमारती एकमेकींना दुसऱ्या मजल्यावरून काचेच्या पुलांनी जोडायला सुरुवात झाली. आज त्यातून मैलोन्‌मैल बर्फ न तुडवता फिरता येतं. १९६७ मध्ये निकोलेट रस्त्यावरच्या गाड्या बंद करून तिथे चालण्याचा रस्ता केला. म्हणजे उपनगराने शहराची नक्कल केली आणि मग शहर उपनगराची नक्कल करायला लागलं. डेटन भावांनी तर स्वतःशीच शर्यत लावली. त्याच १९६२ मध्ये त्यांनी स्वस्तातल्या मालाचं एक नवीन दुकान काढलं, रोझव्हिलला. नाव ठेवलं टार्गेट. हो, तेच टार्गेट! इथे येणारे आपले आई-वडील ज्याला 'टार्जेट' म्हणतात ते. धाकट्याने थोरल्याला इतकं मागे टाकलं की २००० मध्ये अख्ख्या कंपनीचं नावच टार्गेट झालं. २००१ मध्ये डेटन्सच्या पाट्या उतरून 'मार्शल फील्ड्स' लागल्या आणि २००६ च्या सप्टेंबरात त्याही उतरून 'मेसीज' लागल्या. बाबा आले ते दोन महिन्यांनी. पाटी अगदी नवीकोरी होती. निकोलेट रस्त्यावरचं १९०२ पासूनचं मूळ दुकान २०१७ च्या मार्चमध्ये बंद झालं. राइटसाहेब म्हणाले होते तेच.

एक गोष्ट मात्र कौतुकाच्या ओघात सुटू नये. साउथडेलच्या पहिल्या दिवसाचे फोटो बघितले तर सगळे चेहरे गोरे दिसतात, आणि त्याला कारण आहे. ईडायनातली 'कंट्री क्लब' नावाची उच्चभ्रू वस्ती १९२४ मध्ये वसली तेव्हा तिथल्या घरांच्या खरेदीखतातच लिहिलेलं होतं की गोऱ्यांखेरीज कुणाला हे घर विकता वा भाड्याने देता येणार नाही. अशी कलमं कोर्टात चालणार नाहीत असं सर्वोच्च न्यायालयाने १९४८ मध्ये सांगितलं, पण खतावर शाई तशीच राहिली आणि गावही बरंचसं तसंच राहिलं. ग्रुएन स्वतः धर्मामुळे देशोधडीला लागलेला. त्याने सगळ्यांसाठी चौक काढला, पण चौकापर्यंत पोचायचं तर आधी त्या गावात घर हवं आणि दारात गाडी हवी. आपल्याला नावं ठेवायला जागा नाही. मुंबईत हाजीअलीला १९९९ मध्ये क्रॉसरोड्स उघडलं तेव्हा आत जायला मोबाइल नाहीतर क्रेडिट कार्ड दाखवा, नाहीतर साठ रुपये भरा, असा नियम काही काळ होता. मी तेव्हा कॉलेजात होते. आम्ही चौघी मैत्रिणी बाहेरूनच बघून, भेळ खाऊन परत आलो.

चौक सगळ्यांचा नसतो याचा आणखी एक दाखला मिनेसोटातच आहे. १९९२ मध्ये इथून जवळच, ब्लूमिंग्टनला 'मॉल ऑफ अमेरिका' उघडलं. साउथडेलचं नातवंड म्हणा, पण आजोबांना खिशात घालेल एवढं. तिथे १९९६ मध्ये काही जणांनी फरच्या कोटांविरुद्ध निदर्शनं केली. त्यांना हाकललं, खटला झाला. १९९९ मध्ये मिनेसोटाच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की मॉल ही खाजगी मालमत्ता आहे, राज्यघटनेतलं भाषणस्वातंत्र्य तिथे लागू होत नाही. कराडच्या चावडी चौकात कुणी उठून भाषण ठोकलं तर फार तर लोक हसतील. मॉलच्या चौकात बाक आहे, कारंजं आहे, झाड आहे, फक्त बोलायला मालकाची परवानगी लागते.

ग्रुएनला हे सगळं बघणं सहन झालं नाही. १९६८ मध्ये तो व्हिएन्नाला परत गेला. तिथे जुन्या शहराच्या मध्यातून गाड्या काढण्याच्या योजनेवर काम केलं. आणि नियतीचा खेळ बघा, १९७६ मध्ये व्हिएन्नाच्या दक्षिणेला एक प्रचंड शॉपिंग सेंटर उघडलं आणि शहरातल्या लहान दुकानदारांचा जीव घाबरा झाला. ज्या चौकांची नक्कल करायला त्याने मॉल काढला, त्याच चौकांना खायला मॉल घरी येऊन उभा! १९७८ मध्ये लंडनच्या एका भाषणात त्याने जाहीर करून टाकलं की या औरस नसलेल्या पोरांची पोटगी मी देणार नाही. (शब्द त्याने जरा जास्त कडक वापरला होता, आत्या वाचते म्हणून सौम्य केलाय.) १९८० मध्ये तो गेला.

मला त्याची कीव येते आणि थोडा रागही येतो. पंचवीस वर्षं त्याने या कामाचे पैसे घेतले होते. जमिनीचे भाव चढले की बागा गळतात, हे त्याला पहिल्याच वेळी दिसलं होतं.

साउथडेलची नंतरची कहाणी पटकन सांगते, कारण ती कुठल्याही मॉलची आहे. १९७२ मध्ये तिसरं मोठं दुकान आलं, मग विस्तार, पिंजरा गेला, मासे गेले. डोनाल्डसन्सचं नाव १९८७ मध्ये पुसलं गेलं. डेटन्सला १९९० च्या सुमारास नवी मोठी इमारत मिळाली. मग पडता काळ. २०२० च्या मार्चमध्ये करोनामुळे दारं बंद झाली तेव्हा वाटलं, संपलं. नॉर्थलँड, म्हणजे साउथडेलची मोठी बहीण, ती २०१५ मध्येच बंद पडली होती.

आमचं दुकान २०११ मध्ये बंद झालं. कुठल्या मॉलमुळे नाही. हायवेच्या बाजूला मोठमोठी तयार कपड्यांची दुकानं झाली, गाडी लावायला ऐसपैस जागा. पेठेत स्कूटर उभी करायची मारामार. आणि ठाण उलगडून कापड निवडणं, शिंप्याकडे माप देणं, एवढा वेळ कुणाला होता? दादा इंजिनियर झाला, मी इकडे. बाबांनी शेवटच्या दिवशी फळ्या स्वतः पुसल्या आणि उधारीची वही घरी आणली. तिच्यातली निम्मी नावं आता हयात नाहीत. मी तेव्हा इथे होते, मला फोनवर सांगितलं. म्हणाले, "गिऱ्हाईक तिकडे गेलं, मी मागे गेलो नाही. डेटन गेले." पाच वर्षांपूर्वी साउथडेलच्या बाकावर बसून ऐकलेली गोष्ट त्यांनी अशी धरून ठेवली होती, हे मला त्या फोनवर कळलं. काय बोलावं ते सुचलं नाही. मी म्हटलं, बाबा, शेवटी डेटन्सची पण पाटी उतरलीच ना. ते म्हणाले, "हो, पण फिरून आले की ते."

रविवारच्या त्या फोननंतर काल मुद्दाम गेले होते. २०१४ मध्ये पार्किंगच्या एका कोपऱ्यात अपार्टमेंट उभी राहिली, दोनशेच्या वर घरं. जुन्या जेसीपेनीच्या जागी २०१९ पासून मोठा व्यायामाचा क्लब आहे. म्हणजे ग्रुएनच्या आराखड्यातली माणसं साठएक वर्षं उशिराने राहायला आली म्हणायची, तीही पार्किंग कमी करून! मी गाडी लावून आत शिरत होते तेव्हा त्या इमारतीच्या बाजूने एक आजी चाकांची पिशवी ओढत, पायीपायी, माझ्या आधी दारात पोचल्या. त्यांनी माझ्यासाठी दार धरलं.

गार्डन कोर्टात थोडा वेळ बसले. तीनचार म्हातारे चालत होते. एकाच्या पायात नवे पांढरे बूट होते.

संध्याकाळी, म्हणजे तिकडे सकाळी, बाबांना फोन करून अपार्टमेंटचं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "भाडं किती आहे गं तिथे?"

मी आकडा सांगितला. रुपयांत करून सांगितला.

"मग आपली पेठ बरी," बाबा म्हणाले, आणि आईला हाक मारायला गेले.